साताऱ्याकडील खंडाळा

खंडाळा हें नांव कानीं पडतांच बहुतेक वाचकांच्या डोळ्यांपुढें बोरघाट, नागफणीचें टोंक, पावसाळ्यांतील धबधबे आणि आगगाडीचे बोगदे उभे राहतात. आम्ही ज्या खंडाळ्याविषयीं लिहिणार आहों तो हा नव्हे. आमचा खंडाळा सातारा जिल्ह्याच्या अगदीं उत्तरेस, नीरा नदी आणि खंबाटकीचा घाट यांच्यामध्यें वसलेला आहे. त्याला जवळच्या पारगांवाशीं जोडून पारगांव-खंडाळा असेंहि म्हणतात. हवापालटासाठीं तेथें कोणी जात नाहीं. पुण्याहून साताऱ्यास जाणारा प्रवासी घाट जवळ आला म्हणून फार तर चहासाठीं मोटार थांबवतो, आणि आपण एका तालुक्याच्या मुख्य ठिकाणीं बसलों आहों हें ध्यानांतहि न येतां पुढें निघून जातो.

आम्हीहि कित्येक वर्षें असेच पुढें निघून जात होतों. आमच्या घराण्याचें मूळ गांव याच तालुक्यांतलें असूनहि तिकडे वळण्याचा प्रसंग आम्हीं टाळला होता. गांवाचें नांव येथें देत नाहीं. त्याचें कारण वाचकांस पुढें कळेल.

२०२४ च्या नोव्हेंबरांत तो प्रसंग आला. महाराष्ट्र विधानसभेच्या निवडणुकीचे दिवस होते; २० तारखेस मतदान व्हावयाचें होतें. आमच्या आत्याबाईंचें वय अठ्ठ्याऐंशी. पंच्याऐंशीच्या वरील वृद्धांचें मत अधिकाऱ्यांनीं घरीं येऊन घ्यावें अशी सोय हल्लीं निवडणूक आयोगानें केलेली आहे. त्याप्रमाणें पुण्यांत आमच्या घरीं अधिकारी आले, त्यांनीं पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला आणि आत्याबाईंनीं दिवाणखान्यांत बसून आपलें मत दिलें. मंडळी गेल्यावर त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "शेहेचाळीस सालीं आई खंडाळ्यास मत द्यायला गेली होती. मी बरोबर होतें. ती जागा एकदां पाहायची आहे मला. आणि आपलें घरहि."

'आपलें घर' हे शब्द त्यांच्या तोंडून आम्हीं प्रथमच ऐकले. मतदानास चार दिवस उरले असतां एका सकाळीं आम्ही उभयतां, धाकटे बंधु, आत्याबाई आणि आमचा बारा वर्षांचा नातू असे पांचजण निघालों.

कात्रजचा बोगदा ओलांडून खेड-शिवापूर, नसरापूरचा फाटा, कापूरहोळ, किकवी अशीं गांवें मागें टाकीत मोटार सारोळ्याच्या पुलाशीं आली. खालीं नीरा. येथें पुणें जिल्हा संपतो आणि सातारा जिल्हा सुरू होतो. पलीकडे शिरवळ. शिरवळचा सुभानमंगळ हा लहानसा भुईकोट १६४८ सालीं शिवाजी महाराजांच्या माणसांनीं आदिलशाही फौजेकडून लढून परत घेतला. महाराजांच्या आरंभींच्या लढायांत ही लढाई मोडते. आतां शिरवळच्या आसपास कारखान्यांच्या लांबच लांब भिंती उभ्या आहेत. आत्याबाईंच्या लहानपणीं येथें बाजरी आणि हुलगा यांखेरीज फारसें कांहीं दिसत नसे. पूर्वेस लोणंदपर्यंत हा मुलूख कोरडाच होता. अलीकडे धोम-बलकवडीच्या कालव्यानें कृष्णेचें पाणी या बाजूस आणलें, त्यामुळें रस्त्याच्या कडेस ऊस पाहून आत्याबाईंस नवल वाटलें.

इंग्रजी अमलांत खंडाळा हा वाई तालुक्याचा पोटविभाग, म्हणजे महाल होता. महालकऱ्यांची कचेरी, शाळा, आठवड्याचा बाजार आणि घाट चढण्यापूर्वीं बैल सोडण्याची जागा एवढाच त्याचा डौल. आत्याबाईंस हवी असलेली शाळा कांहीं सांपडली नाहीं. जुनी इमारत जाऊन तेथें काय झालें याविषयीं बाजारांतल्या दोघां वृद्धांचें एकमत होईना. शेवटीं एका जुन्या कडुनिंबाखालीं आत्याबाई खुर्ची टाकून बसल्या. "निंब असाच होता. हाच कीं दुसरा, कोण जाणे," असें म्हणून त्यांनीं नातवास सांगावयास सुरुवात केली.

त्या वेळीं त्या दहा वर्षांच्या होत्या. आमचे आजोबा निवृत्त शिक्षक; थोडी जमीन वाट्यानें लावलेली. १९४६ च्या आरंभीं मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळाची निवडणूक झाली, तेव्हां आजोबा व आजी यांना मत होतें. गांवांतून बैलगाडी निघाली. आजीनें ठेवणींतलें लुगडें नेसलें होतें आणि वाटेंत खाण्यासाठीं दशम्या बांधून घेतल्या होत्या. गाडी हांकावयास आमचा वाटेकरी होता. खंडाळ्यास पोंचल्यावर आजोबा-आजी आंत गेलीं. वाटेकरी बैलांना वैरण टाकून निंबाखालीं बसला.

"तो कां नाहीं आंत गेला?" नातवानें विचारलें.

"त्याला मत नव्हतें."

"वय कमी होतें?"

"चांगला चाळिशीचा होता."

हा संवाद ऐकून आम्हां मोठ्यांसहि क्षणभर कांहीं सुचलें नाहीं. १९३५ च्या कायद्यानें मताचा हक्क सर्वांस दिलेला नव्हता. ठराविक सारा किंवा कर भरणारा, ठराविक भाड्याच्या घरांत राहणारा, मॅट्रिकची परीक्षा उतरलेला, अशी पात्रता लागे. लिहितां-वाचतां येणाऱ्या स्त्रीस मत मिळे. याच कायद्याखालीं १९३७ सालीं पहिली निवडणूक झाली, तेव्हां सर्व प्रांत मिळून सुमारे तीन कोटि मतदार होते. म्हणजे शंभर माणसांत चौदा. त्यांत स्त्रिया सुमारें साडेबेचाळीस लाख. आमच्यासारख्या घरांत शिक्षणाच्या जोरावर नवराबायको दोघांना मत असे. आमच्या शेतांत राबणाऱ्यास तें नसे.

मत असलेल्यांचीहि यादी एक नव्हती. आत्याबाईंना आठवत होतें कीं शेजारचे मुलाणी त्या दिवशीं आमच्या गाडींत नव्हते, जरी एरवीं बाजारास ते याच गाडींतून येत. "त्यांचें मत वेगळें असतें," एवढेंच आजोबांनीं सांगितलें होतें. १९०९ च्या सुधारणांनीं मुसलमानांसाठीं निराळे मतदारसंघ निर्माण केले होते आणि १९३५ च्या कायद्यानें ते कायम ठेवले. गल्ली एक, पाणवठा जवळचा, देवीच्या जत्रेस आणि उरुसास एकमेकांकडे जाणेंयेणें. परंतु मत मागणारा उमेदवार मात्र निरनिराळा. हिंदु उमेदवारास मुलाण्यांच्या दारीं जाण्याचें कारण नव्हतें, आणि मुसलमान उमेदवारास आमच्या दारीं येण्याचें कारण नव्हतें.

या एका गोष्टीचा परिणाम पुढें किती दूरवर गेला हें आज सर्वांस ठाऊक आहे; पण त्या निंबाखालीं बसून तो विचार करतांना निराळाच वाटला. १९४५ च्या अखेरीस मध्यवर्ती कायदेमंडळाची आणि १९४६ च्या पहिल्या महिन्यांत प्रांतोप्रांतींची निवडणूक झाली. मध्यवर्ती मंडळांतील मुसलमानांच्या तीसच्या तीस जागा मुस्लिम लीगनें जिंकल्या. मुंबई प्रांताच्या १७५ जागांपैकीं काँग्रेसला १२५ मिळाल्या, पण मुसलमानांच्या तीसहि जागा लीगकडे गेल्या. बाळासाहेब खेर पुन्हा मुख्यमंत्री झाले. लीगनें ही निवडणूक पाकिस्तानच्या प्रश्नावर लढविली होती, आणि तिचा निकाल म्हणजे फाळणीचा कौल असेंच पुढें धरलें गेलें. पंजाबांत लीगला सर्वांत अधिक जागा मिळाल्या, तरी मंत्रिमंडळ बनविलें खिजर हयातखान यांनीं, काँग्रेस व अकाली यांच्या साह्यानें. मार्च १९४७ मध्यें त्यांनीं राजीनामा दिला आणि त्याच महिन्यांत रावळपिंडीच्या बाजूस गांवेंच्या गांवें जळूं लागलीं. त्यापूर्वींच १६ ऑगस्ट १९४६ रोजीं कलकत्त्यास आरंभ झाला होता. मग नौखाली, मग बिहार. मतांच्या पेट्या उघडून वर्षहि पुरतें झालें नव्हतें.

अशा प्रसंगास आपल्या भाषेंत एक फार जुना शब्द आहे : यादवी. प्रभासक्षेत्रीं एकाच कुळांतले वीर एकमेकांवर उठले आणि समुद्रकांठच्या एरका गवतानें एकमेकांस मारूं लागले, ही मौसलपर्वांतली कथा घरोघरीं ठाऊक आहे. इतर भाषांत आपसांतल्या युद्धास कांहींहि नांव असो, मराठींत त्याचें नांव उच्चारतांच तें भाऊबंदांचें युद्ध आहे हें उघड होतें.

आणि अशी यादवी तोंडाशीं आली असतां निवडणुका व्हाव्या हें आपल्याच देशांत घडलें असें नव्हे. अमेरिकेंत नोव्हेंबर १८६० मध्यें अब्राहाम लिंकन अध्यक्ष निवडून आले, ते एकंदर मतांच्या शेंकडा चाळीसहूनहि थोड्या कमी मतांवर. दक्षिणेकडील बहुतेक राज्यांत त्यांच्या नांवाची मतपत्रिकाच निघाली नव्हती. डिसेंबरांत दक्षिण कॅरोलिना राज्य संघांतून बाहेर पडलें, आणि पुढल्या एप्रिलांत तोफा सुरू झाल्या. त्या काळीं काँग्रेसच्या निवडणुका सर्व राज्यांत एका दिवशीं होत नसत. दक्षिणेंतील कित्येक राज्यांत त्या होण्याची वेळ येण्यापूर्वींच तीं राज्यें फुटून निघालीं. आमच्या आठवणींतलें उदाहरण पाकिस्तानचें. डिसेंबर १९७० मध्यें तेथें निवडणूक झाली. पूर्वेकडील १६२ सर्वसाधारण जागांपैकीं १६० अवामी लीगनें जिंकल्या आणि पश्चिमेकडे तिला एकहि मिळाली नाहीं. भुत्तो यांच्या पक्षास पश्चिमेकडे ८१ जागा मिळाल्या आणि पूर्वेकडे एकहि नाहीं. २५ मार्च १९७१ च्या रात्रीं ढाक्क्यास सैन्य तुटून पडलें.

या तिन्ही ठिकाणीं कारणें वेगळीं होतीं. अमेरिकेंत गुलामगिरी होती, पाकिस्तानांत पूर्वेवर झालेला अन्याय होता. परंतु तिन्ही ठिकाणीं एक गोष्ट दिसते : अर्ध्या देशाचें प्रतिनिधित्व ज्यांनीं मिळविलें, त्यांना दुसऱ्या अर्ध्याच्या दारीं जावें लागलें नव्हतें. निवडणुकीनें भांडण निर्माण केलें असें म्हणतां येणार नाहीं. तिनें तें फक्त मोजून दाखविलें. पण ज्याच्याकडे आपणांस कधीं मत मागावयाचें नाहीं, त्याच्याविषयीं वाटेल तें बोलण्याची मुभा मनुष्यास आपोआप मिळते.

येथवर विचार आल्यावर साताऱ्याचा अभिमान वाटणें स्वाभाविक होतें. १९४२ च्या सप्टेंबरांत याच जिल्ह्यांत वडूजला परशुराम घार्गे व त्यांचे सोबती मोर्चांत गोळीबारास बळी पडले. दुसऱ्याच दिवशीं इस्लामपूरला तसेंच घडलें. १९४३ पासून कृष्णा-वारणेच्या कांठीं क्रांतिसिंह नाना पाटील यांचें प्रतिसरकार चाललें. त्याचीं न्यायमंडळें होतीं, तुफानसेना होती, थोड्या खर्चांत होणारे गांधीविवाह होते, आणि गुन्हेगारांस शिक्षाहि होत्या. त्या शिक्षांवरून लोकांनीं त्यास 'पत्रीसरकार' म्हटलें, आणि त्या सर्वच न्याय्य होत्या असें कोणी म्हणणार नाहीं. घाटापलीकडे वाई तालुक्यांतील कवठें हें किसन वीर यांचें गांव. तेहि याच चळवळींतले. म्हणजे हातांत शस्त्र असलेलें, स्वतःचें न्यायालय असलेलें एक सरकार तीन वर्षें या जिल्ह्यांत होतें. तरी १९४६ ची निवडणूक आली तेव्हां त्याच चळवळीशीं संबंध असलेले यशवंतराव चव्हाण दक्षिण साताऱ्यांतून कायदेमंडळावर निवडून गेले, काँग्रेसचें मंत्रिमंडळ आल्यावर भूमिगत माणसें उघडपणें वावरूं लागलीं, आणि प्रतिसरकारचा कारभार आटोपला. पुढें १९५७ सालीं स्वतः नाना पाटील काँग्रेसच्या विरुद्ध उभे राहून साताऱ्यांतून लोकसभेवर गेले. बंदुकीकडून पेटीकडे येण्याची वाट येथील लोकांस सांपडली.

परंतु आत्याबाई बरोबर असतां या अभिमानास फार काळ थारा मिळणें शक्य नव्हतें. दुपारीं आम्ही गांवाकडे वळलों.

३० जानेवारी १९४८ रोजीं महात्माजींची हत्या झाली. मारेकरी ब्राह्मण होता हें कळतांच पश्चिम महाराष्ट्रांत ब्राह्मणांच्या घरांवर जमाव चालून गेले. सातारा जिल्हा आणि सांगलीची बाजू येथें तो वणवा फार पसरला. शेंकडों घरें जळालीं. आमचें घर त्यांतलें एक. वाचकांपैकीं कित्येकांच्या घरीं ही कथा असेल, आणि बहुधा ती मोठ्यानें सांगितली जात नसेल. आमच्या घरीं तर गांवाचें नांवच घेत नसत. आजीनें मरेपर्यंत तें घेतलें नाहीं.

आमच्या वाड्याचें आतां फक्त जोतें उरलें आहे. काळ्या दगडाच्या दोन पायऱ्या आणि उखळ बसविलेला एक चिरा आत्याबाईंनीं ओळखला. बाकी जागेंत बाभळी वाढल्या आहेत. त्या पायरीवर बसल्या, रडल्या नाहींत. थोड्या वेळानें साठीच्या घरांतील एक गृहस्थ लगबगीनें आले. ते आमच्या वाटेकऱ्याचे नातू. कूळकायद्यानें, म्हणजे १९४८ च्या कायद्यान्वयें व १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनानंतर, आमची जमीन त्यांच्या आजोबांच्या नांवावर झाली. आम्ही येणार असें बंधूंनीं आदल्या दिवशीं कळविलें होतें.

"आत्या, हितं कशापायी बसलाय उन्हात? घरी चला की," ते म्हणाले. त्यांच्या वडिलांना आत्याबाई लहानपणीं 'दादा' म्हणत, म्हणून हा 'आत्या'.

त्यांच्या ओसरीवर बसून जें बोलणें झालें तें आम्ही जन्मभर विसरणार नाहीं. १९४८ च्या त्या संध्याकाळीं बाहेरगांवचा जमाव येत आहे अशी वार्ता आली तेव्हां त्यांच्या आजोबांनीं आमच्या आजीस व आत्याबाईंस आपल्या घरीं नेलें, कणगीमागें बसविलें आणि स्वतः दारांत उभे राहिले. जमाव वाड्याला आग लावून निघून गेला. दुसऱ्या दिवशीं पहाटे त्यांनींच गाडी जुंपून सर्वांना लोणंदच्या स्टेशनावर पोंचविलें. हें आत्याबाईंस ठाऊक होतें. आम्हांस मात्र आजवर फक्त आगीचीच गोष्ट सांगितली गेली होती, गाडीची नाहीं.

मग आत्याबाई म्हणाल्या, "एक गोष्ट माझ्या मनांत राहिली आहे ती आज सांगतें. शेहेचाळीस सालीं मत देऊन परत येतांना तुझ्या आजोबांनीं आमच्या अण्णांना विचारलें होतें, 'मालक, आत काय करायचं असतं?' अण्णा म्हणाले, 'तुला काय करायचें आहे त्याचें?' मला तें तेव्हांहि बरें वाटलें नव्हतें."

यजमान जरा वेळ थांबले. "आज्जा सांगायचा त्ये," ते हंसून म्हणाले, "पर बावन साली पयलं मत टाकून आला तवा म्हणला, 'आत काय बी नसतं, नुसती पेटी असती. पर त्ये आत गेल्याबिगर कळत न्हाई.'"

१९५१-५२ च्या त्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकींत सुमारे सतरा कोटि तीस लाख मतदार होते. एकवीस वर्षांवरील प्रत्येक स्त्रीपुरुषाचें नांव, सारा न विचारतां, परीक्षा न विचारतां, धर्म न विचारतां, एकाच यादींत. विशेष हें कीं असा निर्णय घेणारी घटनासमिति स्वतः जुन्याच याद्यांतून जन्मली होती. १९४६ च्या जुलैंत प्रांतिक सभासदांनीं सर्वसाधारण, मुसलमान व शीख असे गट करून तिचे सभासद निवडले होते. डॉ. आंबेडकरांच्या पक्षास त्या सालच्या प्रांतिक निवडणुकींत मोठें अपयश आलें होतें; मुंबईंतून त्यांस वाट नव्हती, म्हणून ते बंगालमधून समितींत गेले, आणि फाळणीनंतर १९४७ च्या जुलैंत बॅ. जयकरांच्या रिकाम्या जागीं मुंबईकडून निवडले गेले. एका यादींतहि थोड्यांचा आवाज पुष्कळांच्या मतांखालीं दडपला जातो, ही त्यांची तक्रार पुणें-करारापासूनची आणि ती खोटी नव्हती. म्हणून राखीव जागा राहिल्या. परंतु निराळ्या याद्या १९४७ च्या ऑगस्टांत घटनासमितीनें कायमच्या टाकून दिल्या. ज्या दिवसांत पंजाबांतून प्रेतांनीं भरलेल्या गाड्या येत होत्या, त्याच दिवसांत हा निर्णय झाला हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्यामागचें धैर्य कळतें.

एकाच यादीनें सर्व होतें असें म्हणावें, तर १९४८ ची आग आडवी येते. आमचे आजोबा आणि जाळणारे दोघेहि हिंदूच. निराळ्या मतदारसंघाचा तेथें संबंध नव्हता. या कोड्याचें उत्तर त्या ओसरीवर आम्हांस थोडेंफार उमगलें. त्या आगीस क्षमा नाहीं, आणि आमच्या आजीनें सोसलें तें कमी लेखण्याचें आमच्या मनांत नाहीं. पण १९४६ च्या यादींत गांवांतील बहुतेकांचीं नांवें मुळींच नव्हतीं, आणि आम्हां शिकलेल्यांना त्याची उणीवहि भासली नव्हती. ज्याच्या हातची भाकरी आमच्या घरांत चालत नसे, त्याच्याच कणगीमागें आमचा जीव वांचला. मुलाण्यांच्या दारीं उमेदवार जात नव्हता. वाटेकऱ्याच्या दारीं तर कोणीच जात नव्हतें, आम्हीहि नाहीं. शेवटीं त्यानेंच आम्हांला आपल्या दारांत घेतलें.

यजमानांच्या सूनबाई ग्रामपंचायतीच्या सदस्य आहेत. त्या दिवशीं प्रचारासाठीं दोन्ही बाजूंच्या मोटारी गांवांत येऊन गेल्या होत्या. घरांत दोन पक्ष आहेत असें त्यांनीं मोकळेपणानें सांगितलें. सासरे एका बाजूचे, मुलगा दुसऱ्या बाजूचा. "भांडता कां?" नातवानें विचारलें. "भांडतो की," त्या म्हणाल्या, "पर सैपाक एकाच चुलीवर." आम्हांला पिठलें, बाजरीची भाकरी आणि कांदा वाढण्यांत आला. आत्याबाईंनीं दुसरी भाकरी मागून घेतली.

निघतांना त्यांनींच सुचविलें म्हणून आम्ही नायगांवास गेलों. सावित्रीबाई फुले यांचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजीं याच गांवीं झाला, आणि तें याच तालुक्यांत आहे. तेथें स्मारक आहे. मुलींच्या सहली आलेल्या होत्या. आम्हांला एक साधी गोष्ट आजवर सुचली नव्हती. आजीला १९४६ सालीं मत मिळालें तें लिहितांवाचतां येत होतें म्हणून. मुलींनीं लिहावेंवाचावें यासाठीं १८४८ सालीं पुण्यांत पहिली शाळा काढली ती या नायगांवच्या लेकीनें आणि जोतीरावांनीं. आणि त्यापायीं शेणाचा मारा सोसला तो आमच्यासारख्यांच्याच आळींतून. आजीचें गांव येथून दोन-तीन कोसांवर, पण आजीनें नायगांवचें नांव घेतलेलें आम्हांस आठवत नाहीं. आत्याबाईंनीं पुतळ्यापाशीं वांकून नमस्कार केला आणि म्हणाल्या, "आईच्या वतीचा हा एक."

परतण्याआधीं नातवाच्या हट्टासाठीं मोटार खंबाटकीच्या घाटांत नेली. त्या वेळीं साताऱ्याकडे जाणारीं वाहनें जुन्या वळणांच्या वाटेनें चढत आणि येणारीं बोगद्यांतून येत. माथ्यावर थांबून मागें पाहिलें. उन्हें कलतीं झालीं होतीं. एका बाजूस खंडाळा, त्यापलीकडे शिरवळच्या कारखान्यांचीं छपरें आणि नीरेच्या कांठची हिरवी रेघ. आमचें गांव कोणतें तें या उंचीवरून ओळखूं येत नव्हतें. नातवानें विचारलें, "आत्याआजी, तूं कोणाला मत दिलेंस?" त्या म्हणाल्या, "तें सांगायचें नसतें." मग कांहीं वेळानें म्हणाल्या, "पुढच्या खेपेस तुझ्या आईबाबांनाहि इकडे आण. घर दाखवूं."

कोणतें घर, तें आम्हीं विचारलें नाहीं. वाचकांपैकीं ज्यांचें असें एखादें न उच्चारलेलें गांव असेल, त्यांना आमची एवढीच विनंति आहे कीं घरांतील वृद्ध मंडळी आहेत तोंवर एकदां तिकडे जाऊन यावें. जळालेल्या घराची गोष्ट आपणांस बहुधा ठाऊक असते. गाडी कोणीं जुंपली तें मात्र तेथें गेल्यावरच कळतें.